कागदाला पोत देताना : घरातल्या वस्तू, थोडं पाणी आणि भरपूर दाब

सोलापुरात कापडाची गोष्ट निघाली की ‘पोत’ हा शब्द येतोच. चादर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग नक्षी बघतं आणि शेवटी कोपरा चिमटीत धरून त्यावरून अंगठा फिरवतं. त्या अंगठ्याला जे कळतं तो पोत. मी गेली काही वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत पेठेतल्या मुलामुलींना कागदकाम शिकवते. भेटकार्डं, वह्यांची वेष्टनं, डब्या, संक्रांतीच्या वाणाची पाकिटं असं बरंच काही आम्ही करतो. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. मुलं रंग छान देतात, कात्री सफाईनं चालवतात, पण हाताला लागणाऱ्या पोताचा विचार फारसा कुणी करत नाही. कार्ड गुळगुळीतच राहतं. पोत हवाच असला तर बाजारातून चमकी आणि चिकटवायच्या तयार पट्ट्या येतात. खरं तर त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं सामान स्वयंपाकघरात, देवघरात आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडलेलं असतं.

माझे वडील यंत्रमागावर होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. एप्रिल-मे महिन्यात शेडमधल्या फरशीवर पाणी मारल्याशिवाय ते मागाला हात लावत नसत. सूत कोरडं पडलं की धागे तटातट तुटतात, हवेत ओल असली की तेच सूत निमूट चालतं. कागदाचंही अगदी तसंच आहे, हे मला फार उशिरा कळलं. कागद म्हणजे एकमेकांत गुंतलेले वनस्पतींचे बारीक तंतू. पाणी लागलं की त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि ते हलवता येतात. वाळताना ते जिथे असतील तिथेच पुन्हा पकड घेतात. म्हणून कोरड्या कागदावर कितीही जोर लावला तरी तो एक तर फाटतो, नाही तर परत सपाट होतो. योग्य इतका ओला केलेला कागद मात्र दिलेला आकार धरून ठेवतो. पुढे जे सांगणार आहे त्यातला निम्म्याहून अधिक भाग ओलावा कसा सांभाळायचा याचाच आहे.

कागद कोणता घ्यावा

पोत उठवायला सगळ्यात चांगला हातकागद. पुण्याच्या शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालापासून हा कागद करते. असा कागद सुती कापडाच्या कात्रणांपासून बनतो. कापसाचे तंतू लांब असल्यामुळे तो ओला करून दाबला, ताणला तरी लवकर फाटत नाही. साधारण १५० ते २५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) घ्या. हातकागद मिळाला नाही तर चित्रकलेच्या वहीचा जाड कार्ट्रिज कागद चालतो. झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएमचा कागद दाबून पोत उठवायला निरुपयोगी आहे, तो चुरगाळायच्या पद्धतीसाठी ठेवा. गुळगुळीत चकचकीत आर्ट पेपर तर नकोच. त्यावरच्या लेपामुळे पाणी नीट आत शिरत नाही, आणि घासल्यावर तो लेप सालपटासारखा सुटतो.

ओलावा किती हवा

इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची फवाऱ्याची बाटली घ्या. कागदाच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावरून बारीक तुषार मारा. पाण्याचं तळं साचू द्यायचं नाही. असे चार-पाच कागद एकावर एक ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि वर एखादं जाड पुस्तक ठेवून तास-दोन तास विसरून जा. रात्रभर ठेवलेत तर आणखी उत्तम. घाई करून लगेच काम सुरू केलं तर वरचा थर ओला आणि पोट कोरडं असा कागद हाती येतो.

कागद तयार झाला की नाही हे गालाला लावून बघा. गालाला थंडगार लागला पाहिजे, पण बोट फिरवल्यावर बोटाला पाणी लागता कामा नये. कोपऱ्याला धरला की तो ओल्या रुमालासारखा लोळत असेल तर जास्त झालंय, पाच मिनिटं उघड्यावर ठेवा. हलवल्यावर खडखड वाजत असेल तर कमी झालंय. दोन-तीनदा केलं की हात आपोआप ओळखायला लागतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. तेव्हा पिशवीतून एका वेळी एकच कागद काढायचा आणि पंखा बंद करायचा. घाम पुसत काम करावं लागतं, पण पंख्याखाली कागद तीन-चार मिनिटांत कोरडा पडतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. मी उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत उरकते.

चादर आणि टॉवेल

सुरुवात इथूनच करा, कारण सोलापुरातल्या घरात ही वस्तू नाही असं होत नाही. आपली चादर आणि टर्किश टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण कागदावर दोघांचा पोत अगदी वेगळा उमटतो.

खाली एक लाकडी पाट ठेवा. त्यावर जुनी, अनेकदा धुतलेली चादर एकपदरी पसरा. नवी घेऊ नका, रंग सुटून कागदाला लागतो. चादरीवर सुरकुती नको, कारण तीही उमटते. त्यावर ओला कागद, कागदावर पातळ सुती पंचा. आता लाटणं घेऊन पोळी लाटतो त्याच्या दुप्पट जोर लावून मधून कडेकडे फिरवा. नंतर पंच्यावर दुसरा पाट ठेवा आणि वजन द्या. पाण्याचा भरलेला २० लिटरचा जार म्हणजे २० किलो वजन आयतंच मिळतं. तासाभरानं पंचा बदला, कारण पहिल्यानं ओल शोषलेली असते. मग रात्रभर तसंच राहू द्या. पंच्याऐवजी वर्तमानपत्र वापरायचा मोह टाळा, ओल्या कागदावर त्याची शाई उतरते.

सकाळी कागद काढला की चादरीची वीण त्यावर आलेली असते, ताणा आणि बाणा दोन्ही ओळखू येतात. नक्षीची कडा जिथे असेल तिथे तीही पुसटशी दिसते. टर्किश टॉवेलचे फासे वजनाखाली बसतात, त्यामुळे त्याचा पोत मऊ, बारीक दाणेदार येतो. सुबक नक्षी हवी असेल तर चादर, आणि पार्श्वभूमीला नुसता भरीव खरखरीतपणा हवा असेल तर टॉवेल, असा माझा हिशोब आहे. टॉवेलच्या टोकाला विणलेली सपाट पट्टी असते, तिचाही ठसा घेऊन बघा. वहीच्या वेष्टनाच्या कडेला ती फार शोभते.

स्वयंपाकघरातली हत्यारं

करंजीचं कातणं घ्या. ओला कागद चौघडी टॉवेलवर ठेवा आणि पट्टीच्या आधारानं कातणं सरळ ओढा. कागदावर शिवणीसारखी नागमोडी टिपांची ओळ उमटते. कार्डाच्या चारही कडांना अशी ओळ दिली की कार्ड गोधडीसारखं शिवल्यासारखं वाटतं. जोर इतकाच, की मागच्या बाजूला टिपा हाताला लागाव्यात पण कागद कापला जाऊ नये. धारदार कातण्यापेक्षा वापरून बोथट झालेलं पितळी कातणं या कामाला सरस.

सोऱ्याच्या चकत्या तर खजिनाच आहेत. शेवेच्या बारीक भोकांच्या चकतीवर ओला कागद ठेवून वरून चमच्याच्या पाठीनं गोल गोल घासा. प्रत्येक भोकात कागद किंचित बसतो आणि दुसऱ्या बाजूला ठिपक्यांची रांगोळी उठते. चकलीच्या चकतीतली चांदणी मोठी असते, तिथे करंगळीच्या टोकानं हळूच दाबत जा. झारा, गाळणी, पुरणयंत्राची जाळी या सगळ्यांना हीच रीत. किसणी मात्र बाजूला ठेवा. तिचे दात कागद फाडतात आणि मुलांची बोटंही सोलतात. मोदकाच्या साच्याचा मोहही बहुतेकांना होतो, पण तो फार खोल असतो. एका कागदाला साधारण दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त खोली झेपत नाही, वळणावर तो उसवतोच.

पांढऱ्यावर पांढरं

मला स्वतःला सगळ्यात प्रिय आहे ती ही पद्धत. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते. शुभ्र बाराबंदी घातलेले हजारो लोक रस्त्यावर असतात आणि उन्हात त्या पांढऱ्या कापडाच्या चुण्या, बंद, शिवणी सगळं नुसत्या सावलीनं दिसतं. एका संक्रांतीला मी वाणाची पाकिटं तशीच केली. रंगाचा थेंबही न वापरता नुसता उठाव.

त्यासाठी जाड पुठ्ठा लागतो. लग्नपत्रिकांचा, साधारण १ मिलिमीटर जाडीचा, छान चालतो. त्यावर आकृती काढून कटरनं खिडकीसारखी कापून काढा. पान, कमळ, काठी, काहीही चालेल, फक्त कुठलीही रेघ ३-४ मिलिमीटरपेक्षा अरुंद नको. कटरचं काम मोठ्यांनी करावं. कापलेल्या कडांवरून बारीक पॉलिशपेपर फिरवा, नाहीतर धारदार कड कागद चिरते.

पुठ्ठा खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीनं लावा म्हणजे मागून उजेड येईल. त्यावर ओला कागद, चांगली बाजू पुठ्ठ्याकडे करून, तोही चिकटपट्टीनं अडकवा. उजेडामुळे आकृती कागदातून दिसते. आता चमच्याचं मागचं टोक, विणकामाच्या सुईची बोथट बाजू किंवा रिकाम्या बॉलपेनचं टोक घेऊन आकृतीच्या कडेनं आतल्या बाजूनं घासत जा. पहिल्या फेरीत हलक्या हातानं, दुसऱ्या फेरीत जोरानं. एकदम जोर लावला की कोपऱ्यात फाटतं. कागद सरकत नसेल, अडखळत असेल तर त्यावर मेणकागदाचा तुकडा ठेवून वरून घासा. अक्षरं करायची असतील तर पुठ्ठा उलटा करून लावा, नाहीतर पुढून ती आरशातल्यासारखी उलटी दिसतील. काढल्यावर हा कागद वजनाखाली ठेवायचा नाही, उठाव दबून जातो. चारही कडांवरच पुस्तकं ठेवून मधला भाग मोकळा सोडा.

खळ

पतंगाला, वह्यांना, भिंतीवरच्या कागदांना आपण खळ लावत आलोय. तीच खळ रंगवून कागदावर फासली आणि ओली असतानाच त्यावर फणी ओढली की सुरेख पोत तयार होतो. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकात पुस्तकांच्या बांधणीसाठी असे खळीचे कागद मोठ्या प्रमाणावर केले जात.

१ भाग मैदा आणि ७ ते ८ भाग पाणी. आधी मैदा थोड्या थंड पाण्यात कालवून गाठी मोडा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. पांढरी पातळ पेज हळूहळू अर्धपारदर्शक आणि दाट होते. पळी उलटी केल्यावर ती जाडसर पडद्यासारखी सुटली की गॅस बंद करा. थंड झाल्यावर ती घट्ट दह्याइतकी असावी. फडक्यातून गाळून घ्या, कारण एकही गाठ राहिली तर फणीच्या रेघेत ती ओरखडा पाडते. एका वाटीला एक चमचा पोस्टर कलर किंवा अ‍ॅक्रिलिक रंग घाला. जुने बांधणीकार किडीसाठी खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाताशी काम असेल तर घालूच नका. लागेल तेवढीच खळ करा आणि उरलेली फ्रिजमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. बाहेर ठेवली तर उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबते.

कागद आधी ओला करून, फरशीच्या तुकड्यावर किंवा प्लास्टिकवर सपाट पसरा. रुंद ब्रशनं खळ एकसारखी, पण सढळ हातानं लावा. लगेच काटा-चमचा, जुना कंगवा, पुठ्ठ्याला दाते कापून केलेली पट्टी, यातलं काहीही ओढा. सरळ रेघा, नागमोडी, आडव्या-उभ्या चौकटी, काहीही. नक्षी बिघडली तर ब्रश फिरवून पुसा आणि पुन्हा करा, खळ ओली आहे तोवर कितीही वेळा संधी मिळते. मुलांना ही गोष्ट फार आवडते. वर्गातली सगळ्यात घाबरट पोरगीसुद्धा तिसऱ्यांदा पुसल्यावर धीट होते.

एक बारीक गोष्ट. फणी ओढली की तिच्या टोकाशी खळीचा ढीग जमतो. प्रत्येक ओढीनंतर ती फडक्याला पुसा, नाहीतर पुढच्या रेघेच्या सुरुवातीला गोळा बसतो आणि तो जाड भाग वाळल्यावर तडकतो. वाळलेला कागद वळला तर उलट्या बाजूनं कोमट इस्त्री फिरवा.

रांगोळीचा लेप

रांगोळीची पांढरी भुकटी म्हणजे दगडाची पूड. बाजारात पोत द्यायची महागडी पेस्ट मिळते, तिचं काम ही रांगोळी आणि पांढरा फेव्हिकॉल मिळून करतात. २ चमचे चाळलेली रांगोळी, १ चमचा फेव्हिकॉल, आणि थेंबथेंब पाणी घालत श्रीखंडाइतकं दाट कालवा. अधिक मऊ लेप हवा असेल तर अर्धी रांगोळी आणि अर्धी टाल्कम पावडर घ्या. रंगीत रांगोळी घालू नका, तिचा रंग ओलाव्यात पसरतो. रंग नंतर वरून द्या.

कागदावर भाजीच्या पिशवीची जाळी, जुन्या ब्लाउजची लेस किंवा कापलेला पुठ्ठा ठेवा आणि जुन्या एटीएम कार्डानं लेप त्यावरून एका दमात ओढा. जाळी सरळ वर उचला, बाजूला सरकवू नका. लेपाची जाडी १ मिलिमीटर पुरे. जाड लावला की तो वाळताना आकसतो आणि तडे पडतात. जास्त उंची हवी असेल तर पहिला थर पूर्ण वाळल्यावर त्यावरच दुसरा द्या. या लेपाला जाड कागद किंवा पुठ्ठाच लागतो. पातळ कागद वाकला की लेपाचे तुकडे पडतात. म्हणून घडीच्या जागेवर लेप कधीच नको, घडीपासून बोटभर अंतर सोडा. जाळी लगेच पाण्यात टाका, एकदा वाळला की हा लेप निघत नाही.

चुरगाळणं आणि मेण

चुरगाळणं सगळ्यात सोपं. पातळ कागद मुठीत घट्ट चुरगाळा, उलगडा, पुन्हा चुरगाळा. सात-आठ वेळा केलं की कडक कागद जुन्या धोतरासारखा मऊ पडतो. उलगडून त्याला खळ लावा आणि पुठ्ठ्यावर चिकटवा, पण सुरकुत्या पूर्ण ताणून काढू नका. वाळल्यावर त्यावर कोरडा रंग फिरवला की दगडी भिंतीसारखा पोत येतो. भुईकोट किल्ल्याची चित्रं करताना मुलांनी बुरुज असेच केले होते.

याच्याच पुढची पायरी मेणाची. कागदावर पांढरी मेणबत्ती भरपूर घासा, मग चुरगाळा. मेण तडकतं आणि त्या भेगांतून पाणीरंग आत शिरतो, बाटिकच्या कापडासारख्या शिरा उमटतात. फक्त सोलापूरच्या उन्हाळ्यात मेण तडकत नाही, नुसतं दबतं. कागद दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून बाहेर काढल्याबरोबर चुरगाळा. शेवटी दोन कोऱ्या कागदांमध्ये धरून इस्त्री फिरवली की मेण त्या कागदांत उतरतं.

सूत

पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलचा पातळ हात देऊन त्यावर सुताच्या रेघा मांडायच्या आणि वरून पातळ ओला हातकागद बसवून बोटांनी सुताच्या दोन्ही कडा दाबत जायच्या. सूत कागदाखाली लपतं आणि वर फक्त शिरा दिसतात. इथे जाड, पिळाचं सूत घ्या. एकेरी बारीक धागा कागदाखाली दिसतच नाही. माझ्याकडे अप्पांच्या वेळचं उरलेलं सूत अजून आहे, मी तेच वापरते. तुम्हाला कारखान्याबाहेर वेस्ट सुताचे गुंते मिळतील. ते सोडवत बसू नका, गुंत्यासकट चिकटवले तर छानच दिसतात.

शेंगांची टरफलं, आणि धान्याबद्दल एक सावधगिरी

शेंगाचटणीच्या घरात टरफलांची कमी नाही. शेंगेच्या टरफलावर उभ्या शिरा आणि त्यांना जोडणारी आडवी जाळी असते. निरखून बघा, चादरीच्या विणीहून ती काही कमी नाही. अख्खं अर्धं टरफल ओल्या जाड कागदाखाली ठेवून दाबलं तर फुटतं, म्हणून वरून कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, जाळी कागदावर उतरते. चुरा करून वापरायचा असेल तर टरफलं आधी कढईत कोरडी परता म्हणजे आतली कीड जाईल, मग खलबत्त्यात भरड कुटा आणि फेव्हिकॉलवर भुरभुरा. झाडाच्या खोडासाठी याहून चांगला पोत मला अजून सापडलेला नाही. चटणीसाठी दाणे भाजून पाखडले की सुपात जी गुलाबी-तांबूस साल उरते, तीही टाकू नका. पुढे लगद्यात लागेल.

रवा, तांदूळ, साबुदाणा, डाळी मात्र चिकटवू नका. मी एकदा हौसेनं तीसेक राखीकार्डांवर रव्याची वाळू केली होती. दिसायला फार देखणी. वर्षभरानं एकीनं जपून ठेवलेलं कार्ड आणून दाखवलं. रव्याच्या जागी पिठूळ भोकं आणि त्यात पोरकिडे. तेव्हापासून वाळूचा पोत हवा असेल तर धुऊन, चाळून, उन्हात वाळवलेली खरी वाळूच वापरते. अंड्याची टरफलं चालतात, पण उकळून आतला पापुद्रा पूर्ण काढल्यावरच.

मेथ्यांचा लगदा

आपल्या आज्या जुन्या वर्तमानपत्रांचा आणि मेथ्यांचा लगदा करून टोपल्या, सुपं लिंपायच्या. भिजवून वाटलेल्या मेथ्या बुळबुळीत होतात आणि तो बुळबुळीतपणाच लगद्याला बांधून ठेवतो. कडू असल्यामुळे कीड लागत नाही, असं त्या म्हणायच्या. त्या टोपल्या वर्षानुवर्षं टिकलेल्या मी पाहिल्या आहेत.

अंड्यांचे दोन ट्रे तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवा. हा पुठ्ठा आधीच लगद्याचा असतो, त्यामुळे पटकन सुटतो. दुसऱ्या वाटीत ३ मोठे चमचे मेथ्या भिजवा. सकाळी मेथ्या बारीक वाटा. पुठ्ठा भरपूर पाण्याबरोबर मूठ-मूठ घेऊन मिक्सरमधून काढा, पाणी कमी पडलं तर मोटर तापते. फडक्यात घालून पिळा, पण पार कोरडा करू नका. त्यात वाटलेल्या मेथ्या आणि दोन चमचे फेव्हिकॉल घालून कणकेसारखा मळा. याच वेळी दाण्यांची साल, कांद्याचा पापुद्रा, सुताचे बारीक तुकडे मिसळा.

पिळलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यातले तंतू नळीत अडकून तुंबतं. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून मी ते झाकून ठेवते आणि दुसऱ्या घाण्याला वापरते.

लगदा डबीवर किंवा पुठ्ठ्यावर ३-४ मिलिमीटर थापा. ओला असतानाच त्यात काहीही रुतवता येतं. सुताची कांडी लोळवा, शंख दाबा, काट्यानं टोचा. मोदकाचा जो साचा कागदाला झेपला नव्हता तो इथे चालतो, आतून तेलाचं बोट फिरवून घ्या म्हणजे लगदा सुटेल. वाळायला तीन-चार दिवस लागतात. थेट उन्हात ठेवलात तर वरचा थर आधी आकसून तडे जातात. पहिले दोन दिवस सावलीत, मग ऊन.

रंग

पोत आहे तिथे रंग कमीच बरा. ओला, पातळ रंग खाचांत जाऊन साचतो आणि खाचा गडद होतात. उंचवटे उजळायचे असतील तर उलट करायचं. सपाट ब्रश जाड रंगात बुडवा, तो कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि कागदाला समांतर धरून वरच्या वर फिरवा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो. मी आधी चहाच्या कोऱ्या पाण्याचा हात देते आणि वाळल्यावर पांढऱ्याचा कोरडा ब्रश फिरवते.

काम पुरं झालं की नाही हे ट्यूबलाइटखाली ठरवू नका. वरून पडणारा उजेड पोत खाऊन टाकतो. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की कागद त्यात धरा, किंवा अंधारात मोबाइलची बॅटरी कागदाच्या कडेला टेकवून लावा. कुठे उठाव कमी पडलाय, कुठे जास्त झालाय ते लगेच कळतं. एका कार्डावर चार पद्धती एकत्र आणल्या की नजर कुठेच ठरत नाही. एक पोत, आणि त्याच्या शेजारी तेवढाच कोरा गुळगुळीत भाग सोडला तर दोन्ही उठून दिसतात.

वाळवणं आणि जपणं

पहिल्या वर्षी मी मुलांची कामं गच्चीवर कुरडयांसारखी वाळत घातली होती. अर्ध्या तासात सगळे कागद पापडासारखे वळले. आता वाळवण घरातच, सावलीत. कागद कडेकडून आधी वाळतो, म्हणून कडांवर पट्ट्या किंवा पुस्तकं ठेवते. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद चिकटवला की वाळताना तो कागद आकसून पुठ्ठा आपल्याकडे ओढतो. मागच्या बाजूलाही तेवढाच साधा कागद, त्याच खळीनं चिकटवा. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सरळ राहतो.

उठावाची कार्डं एकावर एक रचून ठेवू नका. बुटांच्या खोक्यात उभी ठेवा आणि मधे मऊ कागद घाला. पावसाळ्यात हवेतली ओल कागदात पुन्हा शिरते आणि उठाव किंचित सैल पडतो. खोक्यात सुती पुरचुंडीत मूठभर कोरडे तांदूळ बांधून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी ते बदला. कार्ड टपालानं पाठवायचं असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांना मागे-पुढे पुठ्ठ्याचे छोटे तुकडे लावून मगच पाकिटात घाला. पाकिटांच्या गठ्ठ्याचा दाब मग त्या तुकड्यांवर पडतो आणि मधली नक्षी शाबूत पोहोचते.